बाथ सोनिकेटर: भाज्यांवर काम करणाऱ्या लॅबने घ्यावा का? माझं मत, नक्की घ्या

आमच्याकडे शेवग्याच्या पाल्यावर काम चालतं, म्हणजे पाला सावलीत सुकवायचा, दळायचा आणि त्यातले क्वेर्सेटिनसारखे पॉलिफेनॉल (वनस्पतींमधली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) बाहेर काढून मोजायचे. आधी हे सॉक्सलेटवर, म्हणजे सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) उकळून अर्क काढणाऱ्या काचेच्या उपकरणावर व्हायचं, सहा-आठ तास मँटल (फ्लास्कखालचा हीटर) तापलेलं, वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरचं पाणी सरळ सिंकमध्ये वाहून जातंय आणि सॉल्व्हंट कोणतं तर मिथेनॉल, जे पोटात गेलं तर डोळे जाऊ शकतात, आणि हे सगळं एमएस्सीची पोरं हाताळणार. आता टेबलावर मावणारा 40 किलोहर्ट्झचा बाथ सोनिकेटर, म्हणजे अल्ट्रासाउंड सोडणारी पाण्याची टाकी, आलाय आणि मी मनापासून खूश आहे.

करायचं एवढंच, 1 ग्रॅम पावडर, 20 मिली 70 टक्के इथेनॉल, झाकण लावून अर्धा तास बाथमध्ये. अल्ट्रासाउंडने द्रावणात बारीक बुडबुडे तयार होतात, ते फुटताना पेशीभित्तिका फाटते आणि आतला माल बाहेर येतो, त्यामुळे उकळत बसायची गरजच राहत नाही. मग गाळा, फोलिन (पॉलिफेनॉलशी निळा रंग देणारं रसायन) घाला आणि 765 नॅनोमीटरला निळा रंग मोजा. फक्त फोलिन व्हिटॅमिन सीलाही रंग देतो, त्यामुळे ताज्या भाजीत नुसत्या त्या आकड्यावर विसंबू नका, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) एकदा बघाच.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पाणी आपोआप तापतं, हीटर बंद असला तरी, म्हणून थर्मामीटर आत ठेवायचा आणि 40 डिग्रीच्या वर जायला लागलं की बर्फ टाकायचा, लाल कोबीच्या अँथोसायनिन या रंगद्रव्याला तर हे हवंच. आवाज कानात घुसतो. आणि सगळ्या टाकीत ताकद सारखी नसते, अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा उभा धरून मिनिटभर चालवा, जिथे चाळणीसारखी भोकं पडतील तिथेच फ्लास्क ठेवायचा, नाहीतर एकाच सॅम्पलचे तीन रिझल्ट तीन तऱ्हेचे येतात आणि मग दोष बिचाऱ्या भाजीला! अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोलला (म्हणजे शुद्ध इथेनॉलला) एक्साइजचं परमिट लागतं, ते काम आधीच सुरू करून ठेवा.

आणि मशीन आलं म्हणजे पद्धत लगेच ग्रीन, म्हणजे पर्यावरणपूरक, झाली असं नाही हां. नंतर रोटरीवर (सॉल्व्हंट उडवून टाकणारं फिरतं यंत्र) तासन्तास सुकवत बसलात किंवा एचपीएलसीला 4.6 मिमी व्यासाच्या कॉलमवर (घटक वेगळे करणारी नळी) अ‍ॅसिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट ओतत राहिलात तर वाचवलेलं सगळं तिथे जातं. 2.1 मिमीच्या कॉलमला साधारण पाचवा हिस्सा सॉल्व्हंट पुरतं, तुमचं इन्स्ट्रुमेंट झेपवत असेल तर तो घ्या. आपली पद्धत तपासायला पद्धत किती ग्रीन आहे ते सांगणारं, 2020 मध्ये आलेलं अग्री (AGREE) नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, बारा निकषांवर 0 ते 1 मध्ये गुण देतं, निकालाच्या चित्रात लाल कप्पा दिसला की कुठे सुधारायचं ते लगेच कळतं.

घेताना स्टीलची टाकी आणि पाणी सोडायचा नळ असलेलाच घ्या, भरलेली टाकी उचलून ओतणं फार त्रासाचं आहे. आणि डेमोला आलेल्या माणसाला फॉइल टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा, टाळाटाळ केली तर दुसरीकडे बघा.