खडीच्या रस्त्यासाठी ग्रॅव्हल बाईक, हार्डटेल की आहे तीच हायब्रिड?

कच्च्या रस्त्यांची ओढ लागली आणि दुकानात चौकशी केली, की हल्ली हमखास ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची, खाली वळलेल्या हँडलची सायकल, पुढे केली जाते. सायकल देखणी आहे, वेगवान आहे. पण ती घडली अमेरिका-युरोपातल्या रस्त्यांवर. कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावाहून निघणारी, आता अनबाऊंड नावाने ओळखली जाणारी २०० मैलांची शर्यत २००६ पासूनची. २०२२ मध्ये यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीत घेतली. आपल्याकडे पुण्याबाहेर ४० किलोमीटरची फेरी मारली, तरी तेवढ्यात डांबर, मुरूम, सुटी खडी आणि शेताची वाट असं सगळं लागतं. त्यामुळे आपल्या नेहमीच्या फेरीत कोणता दगड जास्त आहे, हे आधी पाहायला हवं.

पावसाळ्यानंतर घट्ट बसलेला मुरूम असेल, तर ग्रॅव्हल बाईकला तोड नाही. कालव्याच्या कडेचे रस्ते, वाड्या-वस्त्यांना जोडणारे जुने कच्चे रस्ते या प्रकारात येतात. ४० मिमीचे टायर, हलकी फ्रेम आणि खाली वळलेलं हँडल असल्याने हातांची जागा सतत बदलता येते. तीन-चार तास चालवल्यावर मनगटांना त्याची किंमत कळते. शिवाय घरापासून कच्च्या रस्त्यापर्यंतचं डांबर ती झपाट्याने कापते. हार्डटेल, म्हणजे फक्त पुढेच सस्पेन्शन असलेली माउंटन बाईक, तिथे जड वाटते आणि रुंद, खाचांचे टायर घूं घूं करत राहतात.

सुटी खडी आली की चित्र पालटतं. डांबरीकरणाआधी पसरतात ती खडी साधारण ४५ ते ६३ मिमीची, काळा बसाल्ट फोडून केलेली, धारदार कडांची. रोलर फिरायच्या आत त्यावरून ट्रॅक्टर आणि टेम्पो जाऊ लागतात, दोन चाकोऱ्या पडतात आणि मधे खडीचा वरंबा उभा राहतो. समोरून गाडी आली की आपल्याला चाकोरी सोडून त्या वरंब्यावर चढावंच लागतं. अरुंद टायर तिथे खडीत रुततो, पुढचं चाक भलतीकडे वळतं आणि हँडल हातातून सुटू पाहतं. हार्डटेलचा सव्वादोन इंची टायर, म्हणजे जवळपास ५७ मिमी, त्याच खडीवरून तरंगल्यासारखा जातो. पुढचा १०० मिमीचा सस्पेन्शन फोर्क उरलेले दणके गिळतो. उतारावर तर हा फरक थेट सुरक्षिततेचा आहे.

चढावर गिअरचं गणित बघा. बऱ्याच ग्रॅव्हल बाईकना पुढे ४६ आणि ३० दातांच्या चकत्या आणि मागे ११ ते ३४ दातांच्या असतात, म्हणजे सगळ्यात हलका गिअर ३०:३४. हार्डटेलवर पुढे ३२ आणि मागे ५१ दातांपर्यंत मिळतं. डांबरी घाटात कमी पडलं तर उभं राहून पायडल मारता येतं. सुट्या खडीवर उभं राहिलात की मागच्या चाकावरचा भार हटतो आणि ते जागच्या जागी फिरतं. बसूनच चढायचं, तर हलका गिअर हवाच. वेल्हे, मुळशीकडच्या वाड्यांवर जाणाऱ्यांनी हे जरूर मोजावं.

पैशांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. वळलेल्या हँडलचे ब्रेक-गिअर लिव्हर महाग असतात, त्यामुळे स्वस्तातल्या ग्रॅव्हल बाईकवर केबलचे डिस्क ब्रेक येतात. तेवढ्याच पैशांत हार्डटेलला हायड्रॉलिक ब्रेक आणि बऱ्यापैकी फोर्क मिळतो. बजेट आखडतं असेल तर हार्डटेलच घ्या.

पंक्चरचा त्रास दोन्हीकडे सारखा आहे. बाभळीचा काटा कोणालाच सोडत नाही. ट्यूबलेस केलं तर आतलं सीलंट बारीक भोक लगेच बुजवतं, पण आपल्या उन्हात ते सुकतं; दोन-तीन महिन्यांनी बघून भरावं लागतं. खडीच्या धारेने टायरची बाजू चिरली तर सीलंटही हात टेकतं, म्हणून एक ट्यूब सोबत ठेवाच. प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अ‍ॅडॉप्टरही ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याशिवाय बसत नाही.

आणि हायब्रिड, म्हणजे रोड बाईक आणि माउंटन बाईकच्या मधली, सरळ हँडलची सायकल? घरात असेल तर लगेच विकू नका. ३५ मिमीचे टायर काढून ४० किंवा ४२ मिमीचे, हलक्या खाचांचे टायर बसतात का ते पाहा. नव्या टायरच्या दोन्ही बाजूंना फ्रेम आणि फोर्कपासून निदान ५-६ मिमी जागा उरली पाहिजे, नाहीतर ओला मुरूम तिथे अडकून चाकच थांबतं. मग हवा कमी करा. ७० किलोच्या आसपास वजन असेल तर ट्यूबवर ४०-४५ पीएसआयपासून सुरुवात करावी. डांबरावरची ७०-८० ची सवय असल्याने पहिल्यांदा चाक बसल्यासारखं वाटेल, पण खडीवर पकड लगेच जाणवते. रिम दगडाला आपटल्याचा आवाज आला तर ५ पीएसआय वाढवा. या टायरवर एक हिवाळा फिरलात, की आपल्या वाटेवर मुरूम जास्त आहे की खडी, हे आपोआप कळेल. मुरूम असेल तर ग्रॅव्हल बाईकसाठी पैसे साठवा, खडी असेल तर हार्डटेलसाठी.