फीचर लिहायला शिकवणारा ऑनलाइन कोर्स: सहा-सात महिने वापरल्यानंतर

दिवाळीनंतर सेलमध्ये घेतला होता. नाव लिहीत नाहीये, कारण असे चार-पाच कोर्स आहेत आणि साचा साधारण तोच, रिसर्च, मुलाखत, लिखाण, मग संपादकाला पीच, म्हणजे लेखाची कल्पना पटवून देणं. इंग्रजीत आहे, मी लिहिते मराठीत आणि तेही नोकरी सांभाळून, तर रिव्ह्यू त्या हिशोबाने वाचा.

मुलाखतीचा भाग एक नंबर. कोर्स शिकवणाऱ्या बाई सांगतात की "कसं वाटतं" विचारू नका, "कसं करता" विचारा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सरावासाठी मी मिरजेची सतारमेकर गल्ली घेतली होती आणि तिथे "या कलेबद्दल काय वाटतं" विचारलं की परंपरा, पिढ्या, सरकारचं दुर्लक्ष अशी पाठ झालेली उत्तरं येतात, येणाऱ्या प्रत्येक पत्रकाराला तीच दिलेली असणार. मग तिथल्या एका कारागिराला विचारलं, चाचा, जवारी काढताना (म्हणजे तारेचा झणकार खुलावा म्हणून घोडी घासताना) नेमकं काय करता? चाचांनी बोलणंच थांबवलं, तंबोरा जवळ ओढला, घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, बारीक कानस फिरवली, तार छेडली, मान हलवली, परत कानस, परत तार. मग तारेखालचा सुताचा धागा थोडा थोडा सरकवत एका जागी आणला आणि तिथे तो झणकार असा काही उघडला की पलीकडे काम करणारा पोरगा पण वर बघायला लागला. मी गप्प. ही पण कोर्सचीच टीप, शांतता झाली की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. मग भोपळ्यांचा विषय त्यांनीच काढला, मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतात, चांगला मोठा गोल भोपळा मिळणं कसं अवघड झालंय वगैरे, आणि खरा लेख तिथून पुढे सापडला.

रिसर्चचा भाग मात्र आपल्या कामाचा नाही. सगळे अमेरिकन डेटाबेस, तिथल्या लायब्रऱ्या, कोर्टाची कागदपत्रं. आपल्याकडची सोय आपणच करायची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तर त्याच्या अर्जाची कागदपत्रं चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीच्या साइटवर फुकट बघता येतात, कारागिरी, भाग, इतिहास असं बरंच काही असतं, फक्त तो अर्जदाराचा दावा आहे हे लक्षात ठेवून वाचायचं. जुनी गॅझेटियर्स, म्हणजे जिल्ह्यांच्या माहितीचे सरकारी ग्रंथ, ऑनलाइन आहेतच. सरकारी आकडा हवा असेल तर माहिती अधिकार, केंद्राकडे १० रुपये फी आणि उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणजे डेडलाइन बघून आधीच टाकून ठेवा.

रेकॉर्डिंग आपोआप टाइप करणारं अ‍ॅप कोर्सवाले सुचवतात, मराठीसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. मिरजेची दखनी मिसळलेली बोली त्याला झेपत नाही, माझ्याकडे जवारीची सगळीकडे ज्वारी झाली आणि चाचा अख्खी मुलाखत ज्वारी काढत बसले 😄 हाताने उतरवायला वेळ जातो पण माणूस कुठे अडखळला ते तेव्हाच कळतं.

लिखाणाचे व्हिडिओ ठीकठाक, असलं यूट्यूबवर पण मिळेल. पैसे वसूल झाले ते फीडबॅकमध्ये. लेखाचं इंग्रजी करून द्यावं लागलं, तो ताप वेगळाच, पण तपासणाऱ्याने मिरजेत सतारी बनवायला सुरुवात करणारे फरीदसाहेब शिकलगार आणि हत्यारांना धार लावणारे शिकलगार १८५० च्या सुमारास सतारीकडे कसे वळले हा सगळा इतिहास सुरुवातीतून उचलून कानशीच्या वर्णनामागे टाकायला सांगितला. आणि खरंच, कानस हातात दिसली की शिकलगार कुठून आले हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. असं बोट ठेवून सांगणारं माणूस आपल्याला एरवी कुठे मिळतं?

पीचचा धडा मी अर्ध्यात सोडला. मराठीत एवढ्या लांब लेखाला जागा मिळते ती मुख्यतः दिवाळी अंकात, १९०९ च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेला प्रकार आहे हा, त्याचं गणित त्या बाईंना कुठून माहीत असणार. तिथे संपादकाला उन्हाळ्यातच गाठावं लागतं, गणपतीत मेल टाकून उपयोग नसतो, आणि मानधनाबद्दल न बोललेलं बरं.

घेणार असाल तर फीडबॅकवालाच प्लॅन घ्या, नुसत्या व्हिडिओंचा स्वस्त पडतो पण त्यात राम नाही. ऑटो रिन्यू आधीपासून चालू असतं, ते पहिल्याच दिवशी बंद करा.