जावाचा नॉर्मलायझर: मराठी याद्यांसाठी हवाच, पण एकटा पुरत नाही

यादीतली नावं == ने जुळवू नयेत, हे जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना लवकरच कळतं. == फक्त मेमरीतली वस्तू तीच आहे का ते बघतं, आतली अक्षरं नाही. कोडमध्ये थेट लिहिलेल्या शब्दांना जावा एकच वस्तू वापरते, म्हणून चाचणीत ते जुळतं. जावाच्या स्कॅनर वर्गाने बाहेरून वाचलेल्या नावावर फसतं. यादीत शोधणारं कंटेन्स आणि इंडेक्सऑफ मात्र आतून अक्षरं ताडून बघणारं इक्वल्सच वापरतात, आणि इंग्रजी नावांचं काम तेवढ्यावर बहुतेक भागतं.

मराठीचं भागत नाही. ‘कऱ्हाड’ घ्या. त्यातला अर्धा र तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो (कंसात त्या चिन्हांचे युनिकोड क्रमांक): ऱ (०९३१) आणि हलंत, र, नुक्ता म्हणजे खालचा टिंब (०९३सी) आणि हलंत, किंवा र, हलंत आणि न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे (२००डी). पडद्यावर तिन्ही सारखे, इक्वल्सच्या लेखी तीन वेगळी गावं.

जावा ६ पासून सोबतच येणारा नॉर्मलायझर, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी साठवण एका ठरलेल्या रूपात आणणारा वर्ग, इथे फार मोलाचा आहे. वेगळी लायब्ररी नको, एका ओळीत काम. एनएफसी हे युनिकोडने ठरवलेलं रूप मागितलं की पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. नुक्तावाल्या क़ चं उलटं होतं: एकसंध अक्षर सुटून क आणि नुक्ता बनतो, लांबी एकाने वाढते. तिसऱ्या तऱ्हेला मात्र तो हात लावत नाही, हीच त्याची मोठी उणीव. त्यासाठी रिप्लेसने ‘र, हलंत, २००डी’ च्या जागी ‘ऱ, हलंत’ स्वतः घालावं लागतं. सगळे झेडडब्ल्यूजे सरसकट पुसू नका. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातून थेट समुद्रात जातो.

मजकूर ठेवणारा स्ट्रिंग हा वर्ग फायनल आहे, त्याचं इक्वल्स बदलता येत नाही. म्हणून सफाईची एकच मेथड लिहा आणि यादीत घालताना व शोधताना, दोन्हीकडे तीच चालवा. एकीकडे विसरलात तर कंटेन्स मुकाट्याने फॉल्स देतं, हॅशसेट हा जावाचा संचही तसाच. नल (म्हणजे काहीच नाही) दिलं तर नॉर्मलायझर नलपॉइंटरएक्सेप्शन ही चूक फेकतो, तेव्हा ती तपासणी आधी.

कडेच्या मोकळ्या जागांसाठी जावा ११ चं स्ट्रिप चांगलं, पण वेबपानावरून चिकटवलेली न तुटणारी जागा (००ए०) ते काढत नाही. आधी तिची साधी स्पेस करा, मग स्ट्रिप.