वर्षाचा आराखडा की तीन महिन्यांचा? धंद्यात आणि वाचनात

वर्षाच्या पहिल्या आठवड्यात दोन वह्या उघडायच्या, अशी माझी बरीच वर्षं सवय होती. एक धंद्याची, दुसरी वाचनाची. पहिलीत वर्षभराची विक्री, नवीन गिऱ्हाइकं, घ्यायचं एखादं यंत्र. दुसरीत चाळीस पुस्तकं. चार वर्षांपूर्वी दोन्हीकडचा वार्षिक आराखडा सोडून मी सरकत्या आराखड्यावर आलो. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं काम पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचं, माणसं अकरा. मोठ्या कंपनीतल्या नियोजन विभागाला यातलं कितपत लागू पडेल, कोण जाणे.

सरकता आराखडा बहुतेकांना माहीत असतो. पुढचे तीन महिने नीट आखायचे, त्यापुढचे नऊ ढोबळ ठेवायचे, आणि तिमाही संपली की चौकट एक घर पुढे ढकलायची.

आधी एक गल्लत मिटवू. आराखडा बदलला म्हणजे स्ट्रॅटेजी बदलली, असं नाही. (व्यूहरचना म्हटलं की मला उगाच रणांगणावर उभं केल्यासारखं वाटतं, म्हणून स्ट्रॅटेजीच म्हणतो.) काय करायचं नाही हे ठरवणं हा स्ट्रॅटेजीचा गाभा आहे, असं व्यवस्थापनाचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी १९९६ साली मांडलं. माझ्या बाबतीत ते दोन ओळींत संपतं. धंद्यात: लांब उधारीच्या मोठ्या ऑर्डरी घ्यायच्या नाहीत, छोटा माल लवकर द्यायचा. वाचनात: एका वेळी दोनच विषय, आणि ज्या पुस्तकाची सगळीकडे चर्चा आहे ते सहा महिने हातात घ्यायचं नाही. या ओळी वार्षिक आराखड्यातही होत्या, आताही आहेत. तुलना आहे ती त्यांच्याखालच्या कागदाची.

वार्षिक आराखड्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण त्याचं देणं लागतो मी. यंत्र घ्यायचं तर वर्षाचा विचार लागतोच. तीन महिन्यांच्या चौकटीत ते कधीच बसत नाही, दर वेळी ‘पुढच्या खेपेला बघू’ होतं. कर्ज देणाऱ्यालाही वर्षाचेच आकडे हवे असतात. हाताखालच्या माणसांना आपण कुठे निघालोय ते एका नजरेत दिसतं. उद्दिष्टं ठरवून व्यवस्थापन करण्याची कल्पना व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांनी १९५४ साली पुढे आणली, ती इतकी वर्षं टिकली ती उगाच नाही. वाचनातही एखादा विषय मुळापासून घ्यायचा असेल तर वर्षाची यादी चांगली शिस्त लावते. परीक्षेसाठी वाचणाऱ्याला तर मी दुसरं काही सुचवणारच नाही. त्याची तारीख दुसऱ्याने ठरवलेली असते.

मला नडला तो डिसेंबर.

चाळीस ठरवलेली, नोव्हेंबरअखेर झालेली एकतीस. मग हात कुठे जातो? पातळ पुस्तकांकडे. शंभर पानांच्या आतलं काहीही चालतं. एका वर्षी आठशे पानांचं एक पुस्तक, त्यात चांगला रंगलेला असताना, निम्म्यावर मिटून ठेवलं. कारण तेवढ्याच वेळात चार बारकी पुस्तकं ‘होत’ होती. झाली. आकडा चाळीस भरला. त्या चारांतल्या दोनांची नावं आज आठवत नाहीत, आणि जाड पुस्तकाचा सुटलेला धागा हाती यायला पुढचं सबंध वर्ष गेलं. पहिली दोनशे पानं परत वाचावी लागली, ते वेगळंच.

त्याच महिन्यात कारखान्यात तरी वेगळं काय चाललं होतं? टार्गेटला थोडं कमी पडतंय म्हणून शेवटचे तीन आठवडे सूट. जुन्या गिऱ्हाइकांना फोन, की जानेवारी-फेब्रुवारीचा माल आत्ताच उचला. ते उचलायचे. वर्षाचा आकडा जुळायचा, मी खूश. आणि जानेवारीत यंत्रं गार. सव्वा महिना माणसांना झाडलोट आणि तेलपाणी. विक्री वाढलेली नसायचीच, पुढची अलीकडे ओढलेली असायची, तीही भाव पाडून. तिसऱ्या वर्षी गिऱ्हाईक शहाणं झालं. ऑक्टोबरात ऑर्डर मागायला गेलो तर एकजण हसत म्हणाले, “डिसेंबरात देतो की, तेव्हा तुम्हीच कमी कराल.” माझा आराखडा माझ्यापेक्षा त्यांना जास्त पाठ झाला होता.

मोजमापालाच उद्दिष्ट केलं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं, हा मुद्दा गुडहार्टचा नियम म्हणून ओळखला जातो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी मूळ विचार १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडला. माझ्यापर्यंत तो पातळ पुस्तकांच्या वाटेने आला.

आता कोणी म्हणेल, तीन महिन्यांच्या आराखड्यात डिसेंबर वर्षातून चारदा नाही का येत? रास्त शंका आहे, आणि पहिल्या दोन तिमाहींत नेमकं तेच झालं. कारण मी चाळीसचे दहा केले होते, बाकी सगळं तसंच. फरक पडला तो आकडा काढून टाकल्यावर. आता वाचनाच्या फळ्यावर पुस्तकांची संख्या नसते, दोन प्रश्न असतात. गेल्या तिमाहीतला एक होता, कागद लगद्यापासून कसा बनतो आणि तो ओलाव्याला का हार जातो. त्याला एक पुस्तक लागो की पाऊण. धंद्याच्या फळ्यावर विक्रीचा आकडा अजून आहे, पण तो मागच्या बारा महिन्यांची बेरीज म्हणून. दर महिन्याला एक महिना गळतो, एक जोडला जातो. अशा बेरजेत पुढच्या महिन्याची ऑर्डर आत्ता ओढून काही हाती लागत नाही, आज चढलेला आकडा पुढच्या महिन्यात तेवढाच चढायचा राहतो.

दुसरा फायदा मला अपेक्षित नव्हता. काचेच्या बरण्या विकणाऱ्या एका गिऱ्हाइकाने आत कप्पे असलेलं खोकं करून द्याल का असं विचारलं होतं, वार्षिक आराखड्याच्या काळात. वहीत जागा नव्हती, म्हणून नाही म्हटलं. दोन वर्षांनी तेच पुन्हा आले तेव्हा तिमाही संपायला पाच आठवडे होते. पुढच्या घरात ते काम टाकलं. आज माझं जवळजवळ एक तृतीयांश काम कप्प्याच्या खोक्यांचं आहे. व्यवस्थापनाचेच आणखी एक अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी ठरवून केलेली आणि करता करता उमटत गेलेली, असे स्ट्रॅटेजीचे दोन प्रकार सांगितलेत. दुसरीला यायला दार लागतं आणि वार्षिक वहीत ते मी स्वतःच लावून घेतलं होतं. कागदाचं वाचनही असंच सुरू झालं, एका भलत्याच पुस्तकातल्या तळटीपेवरून.

सरकत्या आराखड्याची खोडही सांगायला हवी. जो सरकतो तो सरकवताही येतो. गोडाऊनचा पत्रा बदलणं माझ्याकडे पाच तिमाही पुढे जात राहिलं, पाऊस आत आल्यावर झालं. म्हणून एक नियम केलाय: काम दोनदा पुढे गेलं की तिसऱ्यांदा एकतर त्याच महिन्यात करायचं, नाहीतर पुसायचं. पुस्तकांनाही हाच नियम, आणि पुसलेल्या पुस्तकांबद्दल हळहळ वाटत नाही, हे मला स्वतःलाच नवल वाटलं. शिवाय वर्षातून चार वेळा बसावं लागतं, तो कंटाळा खराच.

चाळणी मात्र दोन्हीकडे सारखी ठेवलीये आणि ती कोणत्याही आराखड्यासोबत चालेल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली अभ्यासाच्या वाचनाची जी पाच पायऱ्यांची पद्धत सांगितली, तिच्या पहिल्या दोन पायऱ्या म्हणजे आधी वरवर पाहणी आणि मग प्रश्न काढणं. मी तेवढ्याच उचलल्या. अर्धा तास अनुक्रमणिका, पहिलं प्रकरण, शेवटचं प्रकरण. प्रश्न सुचला तरच पुस्तक फळ्यावर. नवीन गिऱ्हाइकालाही तसंच, आधी एक छोटी ऑर्डर, पैसे कसे येतात ते बघायचं, मग पुढचं बोलणं.

सरकत्या आराखड्याच्याही पलीकडे जाणारे आहेत. स्वीडनमधल्या हांडेल्सबँकेने १९७०च्या दशकात वार्षिक अंदाजपत्रकच सोडून दिलं आणि ठरलेल्या आकड्याऐवजी इतरांच्या मानाने आपण कुठे आहोत हे बघायला सुरुवात केली. अकरा माणसांच्या कारखान्यात तेवढी छाती माझी नाही.

त्यामुळे तुमच्याकडे मोठी खरेदी, कर्ज किंवा परीक्षा असेल तर वर्षाची वही ठेवा; मीही यंत्रासाठी आणि कर्जासाठी एक पान ठेवलंय, एकच. बाकीचं सरकत्यावर टाकून दोन तिमाही बघायला हरकत नाही. पहिलीवरून मत बनवू नका, ती आकड्यांच्या सवयीतच जाते.

ते आठशे पानी पुस्तक मागच्या तिमाहीत फळ्यावर होतं. एकदा पुढे गेलंय. अजून एक संधी आहे त्याला, आणि दीडशे पानं उरलीत.