कोयासानचे शुकुबो: शाकाहारी प्रवाशांसाठी मनापासून शिफारस

जपानमध्ये उतरण्यासाठी बिझनेस हॉटेल, कॅप्सूल हॉटेल, घरगुती मिन्शुकू आणि पारंपरिक र्योकान असे अनेक पर्याय असले, तरी आईला बरोबर घेऊन गेलेल्या आम्हा दोघांना सर्वांत जास्त समाधान मिळाले ते वाकायामा प्रांतातील कोयासान या डोंगरावरच्या शुकुबोत, म्हणजे मंदिरातील निवासात. र्योकानचे जेवण नावाजलेले असते, परंतु त्यात मासे हमखास असतात आणि साध्या सूपमध्येही बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क उतरवलेला असतो. शुकुबोत मिळणाऱ्या शोजिन र्योरी या भिक्षूंच्या आहारात मांस-मासे तर नसतातच, शिवाय परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या आईला या प्रवासात प्रथमच काही न विचारता जेवता आले.

जेवण लाखेच्या बुटक्या चौरंगांवर मांडून आले. त्यातले कोयादोफू, म्हणजे गोठवून वाळवलेले टोफू, समुद्री शेवाळ आणि शिताके अळिंबीच्या रसात शिजवलेले होते. दाताखाली येताच त्यातला कोमट, किंचित गोडसर रस तोंडभर पसरला. तिळाचे मऊ टोफूही तितकेच सुरेख होते.

पहाटे सहाची प्रार्थना चुकवू नये. बौद्ध भिक्षू कूकाई यांनी 816 मध्ये सम्राटाकडून हा डोंगर मिळवून येथे शिंगोन या बौद्ध पंथाचे केंद्र उभारले. या पंथातील 'गोमा' हा अग्निविधी नावानेही आपल्या 'होमा'तूनच गेलेला आहे. ज्वाळेत समिधा पडताना पाहून आईचे हात आपोआप जुळले.

उणिवाही सांगायला हव्यात. खोल्यांमध्ये केवळ सरकते कागदी पडदे असल्याने शेजारचे बोलणे ऐकू येते, स्नानगृह सामाईक आहे आणि स्वच्छतागृहासाठी जिना उतरावा लागतो, ही गोष्ट आरक्षणाच्या वेळी कोणी सांगितली नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्ची आधीच मागावी. ठिकाण सुमारे 800 मीटर उंचीवर असल्याने रात्री गारठाही बराच असतो.

भाडे खोलीवर नसून माणशी आणि दोन वेळच्या जेवणासह आकारले जाते. संध्याकाळचे जेवण साडेपाचलाच वाढले जाते, म्हणून ओसाकाच्या नाम्बा स्थानकावरून गोकुराकुबाशीला आणि तेथून केबल कारने वर, असा प्रवास दुपारीच सुरू करावा.