दोन वेव्हमेकर, एक रीफ टँक: आठ-नऊ महिन्यांनंतर

माझा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवलेला काचेचा टँक, 120 बाय 45 बाय 45 सेंटीमीटरचा आहे. मापाने हिशेब केला तर 243 लिटर होतात, पण दगड आणि वाळू वजा केली की प्रत्यक्ष पाणी दोनशे लिटरच्या आसपासच उरतं. त्यात तासाला प्रत्येकी कमाल 6000 लिटर फिरवणारे दोन डीसी वेव्हमेकर (टँकच्या आत प्रवाह तयार करणारे पंप) एकाच कंट्रोलरवर गेले आठ-नऊ महिने रात्रंदिवस चालू आहेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझा मुद्दा कंपनीचा नाहीच. पंप कोणता घेतला यापेक्षा तो कुठे लावला आणि त्याचं पाणी काचेवर आपटल्यावर परत कोणत्या वाटेने येतं, यावर कोरलचं बरंवाईट जास्त ठरतं असं माझं आता ठाम मत झालं आहे.

आधी ताकदीचं बघू. खोक्यावरचा आकडा मोकळ्या पाण्यात, पूर्ण वेगाने चालणाऱ्या पंपाचा असतो. लेदर, झोअँथिड, मशरूम अशा मऊ कोरलना टँकमधलं पाणी तासाला दहा ते वीस वेळा फिरलं तरी पुरतं. हॅमर, टॉर्चसारख्या एलपीएसना (मोठ्या पॉलिपच्या, म्हणजे मोठ्या मऊ तोंडांच्या, कठीण कोरलना) वीस ते तीस वेळा, आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या एसपीएसना (छोट्या पॉलिपच्या कठीण कोरलना) चाळीसच्या पुढे, असा साधारण ठोकताळा आहे. माझा टँक मिश्र आहे. दोन्ही पंप पूर्ण सोडले तर साठ पट होतात, आणि तेवढं माझ्या हॅमरला सोसणार नाही. पण मोठा पंप घेऊन निम्म्या वेगाने चालवणं हे छोटा पंप जिवाच्या आकांताने पळवण्यापेक्षा केव्हाही बरं. आवाज कमी येतो, झीज कमी होते आणि कोरल वाढले की वेग वाढवायला जागा उरते. फक्त कंट्रोलरवर 45 टक्के दिसलं म्हणजे पाणीही 45 टक्केच फिरतंय, असं धरून चालू नका. ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

एकच दांडगा पंप का नाही? एका पंपाचा झोत कायम एकाच दिशेने जातो. कोरलची एक बाजू सतत मार खाते आणि दुसरी आडोशाला राहते. कोरल जागचा हलू शकत नाही. त्याच्या अंगालगत पाण्याचा एक पातळ, जवळजवळ थांबलेला थर असतो. तो थर सतत विस्कटला तरच खाणं आत येतं, कचरा बाहेर जातो आणि दिवसा उतींमध्ये साठणारा जादा ऑक्सिजन निघून जातो. त्यासाठी प्रवाह नुसता जोराचा असून भागत नाही, तो दिशा बदलणाराही लागतो. लेदर कोरलवर हे स्पष्ट दिसतं. तो अधूनमधून काही दिवस मिटून बसतो आणि अंगावर मेणासारखी पातळ साय धरतो. पाणी नीट लागत असेल तर ती साय आपोआप सुटून जाते. लागत नसेल तर तिच्यावर शेवाळ धरतं.

आता जागा. सुरुवातीला दोन्ही पंप आजूबाजूच्या काचांवर मधोमध, थेट दगडांच्या रोखाने लावून पाहिले. पाणी दगडावर आपटून तिथेच मरायचं. दगडांच्या मागे तपकिरी गाळ साचायचा, आणि उजव्या पंपासमोरच्या हॅमरने एका बाजूचे पॉलिप इतके आत ओढून घेतले की सांगाड्याच्या कडा पांढऱ्या दिसायला लागल्या. हॅमर असा दिसला की तो जास्त प्रवाहाचा इशारा समजायचा. तसाच राहू दिला तर मांस त्या कडेवर घासून फाटतं.

सध्या दोन्ही पंप त्याच काचांवर आहेत, पण पुढच्या काचेच्या जवळ, दगडांच्या माथ्याच्या वर आणि पाण्याच्या पातळीखाली दहा-बारा सेंटीमीटरवर. दगड मागच्या काचेपासून वीतभर पुढे ओढले. डावा पंप चालला की पाणी पुढच्या काचेलगत उजवीकडे जातं, कोपऱ्यात वळतं आणि दगडांच्या मागून परत येतं. उजवा चालला की नेमकं उलट. कंट्रोलरवर दर सहा तासांनी पाळी लावली आहे आणि दुपारी थोडा वेळ दोन्ही सारख्या वेगाने चालतात. तेव्हा मध्यभागी झोतांची टक्कर होते आणि अ‍ॅक्रोपोराला हवा तसा गोंधळ माजतो. हॅमर जागचा हलवला नाही. आता त्याचे पॉलिप दोन्ही बाजूंना डुलतात.

खरं काम त्या मागच्या फटीने केलं. दगडांची भिंत काचेला टेकवून ठेवली असेल तर कितीही भारी वेव्हमेकर आणा, मागे गाळ बसणारच. प्रवाह तपासायला मी फ्रोझन खाद्य वितळल्यावर उरलेलं पाणी पिपेटने वेगवेगळ्या ठिकाणी सोडतो आणि त्यातले बारीक कण कुठे जातात ते बघतो. कण जिथे येऊन नुसते गोल फिरत बसतात, तिथेच पुढे लालसर सायनोचा (शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंचा) थर धरतो.

पंप पृष्ठभागाच्या फार जवळ गेला तर भोवरा होऊन हवा आत ओढतो आणि सगळीकडे बारीक बुडबुडे होतात. फार खाली गेला तर वाळू उडते. माझी वाळू एक ते दोन मिलिमीटरची आहे म्हणून निभावलं. त्याहून बारीक वाळू असती तर समोर तळाची काच उघडी पडली असती. पंपाचं तोंड किंचित वर ठेवलं की पृष्ठभाग हलत राहतो आणि हवेशी देवाणघेवाण चांगली होते, पण लाट फार मोठी झाली तर ओव्हरफ्लो (टँकमधलं पाणी खाली उतरण्याची वाट) गुरगुरतो.

मोडबद्दल फार उत्साह नको. पल्स, रँडम, लगून, रीफ अशी नावं वाचायला छान वाटतात. माझ्या वापरात येतात ते दोनच: आलटून पालटून चालणारा मोड आणि खाद्य घालताना दहा मिनिटं थांबणारा. रात्री वेग थोडा उतरवतो. पूर्ण बंद कधीच करत नाही, कारण प्रकाश नसताना कोरल आणि मासे दोघंही ऑक्सिजन वापरतच असतात.

सफाईचं मात्र कुणी आधी नीट सांगत नाही. दोन-तीन महिन्यांत पंख्यावर आणि जाळीवर कोरलाइन (चुन्यासारखं कडक) शेवाळ आणि चुन्याचा थर बसतो. प्रवाह हळूहळू घटतो, म्हणून लक्षात येत नाही. घरघर सुरू झाली की कळतं. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात पंप तासभर चालवतो, मग ब्रशने घासून गोड्या पाण्याने धुतो. धुतल्यावर वेग लगेच पहिल्याइतका ठेवू नये. कोरलना मधल्या काळात मंद पाण्याची सवय झालेली असते.

तक्रारी दोन आहेत. मॅग्नेटच्या रबरी पॅडखाली शेवाळ धरतं आणि पंप काचेवरून हळूच घसरतो, म्हणून पॅडही पंपाबरोबरच पुसावे लागतात. दुसरी जास्त त्रासाची: वीज जाऊन आली की कंट्रोलर वेळापत्रक विसरतो आणि दोन्ही पंप पूर्ण वेगाने सुरू होतात. यावर मी बॅटरी बॅकअप जोडला. डीसी पंपाचा हाच मोठा फायदा आहे. वीज गेल्यावर रिटर्न पंप (खाली उतरलेलं पाणी टँकमध्ये परत आणणारा) थांबला तरी एक वेव्हमेकर मंद वेगाने चालू राहिला, तर ऑक्सिजनचा प्रश्न बराच वेळ पुढे ढकलला जातो. वायर मात्र सॉकेटच्या खाली लोंबती ठेवूनच मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी प्लगमध्ये शिरणार नाही.

अ‍ॅनिमोन (कोरलचाच नातलग असलेला मऊ अंगाचा प्राणी) ठेवणार असाल तर पंपावर फोमची जाळी पहिल्या दिवसापासून लावा. बबल टिप अ‍ॅनिमोन जागा बदलत फिरतो आणि पंख्यात सापडला तर त्याचे तुकडे होतात. सगळ्या टँकचं पाणीही त्याच्याबरोबर बिघडतं.

इतक्यात अ‍ॅक्रोपोराच्या फांद्या डाव्या झोताच्या वाटेत आल्या आहेत आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात पुन्हा कण घुटमळताना दिसतात. डावा पंप दोन बोटं वर सरकवून वेग थोडा वाढवला आहे. तेवढ्याने भागलं नाही तर फांद्या छाटून फ्रॅग (नवीन कोरल वाढवायचे तुकडे) करणार, तिसरा पंप घेणार नाही.