3.31 काढून 3.73: शेव्हेलच्या बारा-बोल्ट एक्सलचा आठ महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगतो, तपशील नंतर. गाडी 1970 ची शेव्हेल एसएस 396, मन्सी एम20 चार-स्पीड गीअरबॉक्स, मागे 235/60 आर15 टायर. मागच्या एक्सलमधला 3.31 चा क्राउन-पिनियन (मोठं दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारी छोटी गीअर) काढून 3.73 चा बसवला. हा आकडा म्हणजे रेशो: चाकाच्या एका फेऱ्यामागे गीअरबॉक्सकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे होतात ते. त्यावर आता साडेचार हजार मैल झाले आहेत. गावात गाडी हवी तशी झाली, हायवेवर थोडी नकोशी. गीअरचा आवाज नाही. तेल एकदा गळलं, पण त्यात गीअरचा दोष नव्हता. आज पुन्हा निवडायचं झालं तर 3.55 घेईन.

याचं कारण साध्या हिशेबात आहे. ताशी मैल गुणिले रेशो गुणिले 336, भागिले टायरचा व्यास इंचात, की टॉप गीअरमधले इंजिनचे आरपीएम मिळतात. या टायरचा व्यास 26.1 इंच. 70 मैलांच्या वेगाला 3.31 वर 2,980 आरपीएम येतात, 3.55 वर 3,200, 3.73 वर 3,360 आणि 4.10 वर जवळजवळ 3,700. चौथा गीअर सरळ 1.00 आहे, त्याच्या वर ओव्हरड्राइव्ह (1.00 पेक्षा कमी रेशोचा गीअर) नाही. तासभर 3,360 वर चालणारं हे मोठं बिग-ब्लॉक इंजिन कानाला सुखावत नाही, पेट्रोलच्या टाकीला तर मुळीच नाही. हायवेवर गॅलनमागे साधारण दीड मैल कमी झाला.

नुसता एक्सलचा आकडा बघून घेतलेला निर्णय हमखास चुकतो. त्याला गीअरबॉक्सच्या पहिल्या गीअरने गुणायचं. एम20 चा पहिला 2.52, म्हणजे 3.31 वर गुणाकार 8.34, 3.55 वर 8.95, 3.73 वर 9.40 आणि 4.10 वर 10.33. मन्सीचाच दुसरा गीअरबॉक्स एम21, त्याचा पहिला 2.20. त्याच्या मागे 3.73 लावला तर 8.21 येतो, म्हणजे एम20 आणि 3.31 या जोडीपेक्षाही किंचित कमी! म्हणून एम21 वाल्याने 3.73 ची तारीफ केली आणि एम20 वाल्याने ऐकून तोच घेतला, तर दोघांच्या गाड्या सारख्या पळणार नाहीत. शिवाय 1970 चं हे ‘396’ इंजिन प्रत्यक्षात 402 घनइंचांचं आहे. 350 हॉर्सपॉवरच्या आवृत्तीला कारखान्याने 3,400 आरपीएमला 415 फूट-पाउंड टॉर्क नोंदवला होता. इतक्या टॉर्कला उंच आकड्याचा गीअर लागतोच असं नाही. 9.40 वर पहिला गीअर डोळ्याची पापणी लवते तोवर संपतो, आणि साध्या टायरवर तो बराचसा धुरातच जातो. ओव्हरड्राइव्ह असेल तर मात्र सगळं चित्र पालटतं. जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) 700आर4 ऑटोमॅटिक गीअरबॉक्सचा चौथा 0.70 आहे, त्यामुळे 3.73 चा शेवटचा गुणाकार 2.61 होतो. तिथे 3.73 डोळे झाकून घ्यावा, 4.10 सुद्धा चालेल.

खरेदीआधी एक्सल नक्की कोणता आहे ते बघा. झाकणाला बारा बोल्ट आहेत म्हणजे काम झालं असं नाही. जीएमच्या ट्रकचा बारा-बोल्ट वेगळा आहे. क्राउन दोन्हींचा 8.875 इंचांचाच, पण कारच्या पिनियनचा दांडा 1.625 इंच आणि ट्रकचा 1.438. एकाचा क्राउन-पिनियन दुसऱ्यात बसत नाही. मूळ रेशो तपासायला मागची दोन्ही चाकं उचलून जॅक-स्टँडवर घ्या आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. पॉझिट्रॅक्शन (दोन्ही मागच्या चाकांना एकत्र ओढणारा डिफरन्शियल) असेल तर चाक एक फेरा फिरवा. 3.31 ला शाफ्ट सव्वातीनच्या किंचित पुढे जातो, 3.73 ला पावणेचारला थांबतो. साधा डिफरन्शियल असेल तर एक चाक धरून ठेवा आणि दुसरं दोन फेरे फिरवा. झाकण उघडल्यावर दात मोजणं सगळ्यात खात्रीचं: 43 ला 13 म्हणजे 3.31, 41 ला 11 म्हणजे 3.73.

दुसरी गोष्ट कॅरियरची, म्हणजे क्राउन ज्यावर बोल्टने बसतो त्या डिफरन्शियलच्या डब्याची. 3.08 ते 3.73 एकाच, म्हणजे ‘3-सीरिज’ कॅरियरवर बसतात. 4.10 पासून पुढे ‘4-सीरिज’ लागतो, कारण पिनियन बारीक होतो आणि क्राउन त्याच्याकडे सरकवावा लागतो. 3-सीरिजवर बसणारे जाड क्राउनचे 4.10 मिळतात, पण मग डिफरन्शियलची आडवी पिन क्राउनच्या दातांना अडते. त्यासाठी खाच असलेली पिन घ्यावी लागते, नाहीतर दात घासावा लागतो. 3.31 वरून 3.73 ला जाताना मूळ ईटन पॉझिट्रॅक्शन तसाच वापरता आला, हा या रेशोचा मोठा फायदा. 3.55 लाही तेच लागू आहे.

बसवण्याचं काम गीअरच्या किमतीपेक्षा जास्त महत्त्वाचं, आणि इथे घाई करणारा कारागीर नको. बेअरिंग, कप, सील, क्रश स्लीव्ह (पिनियनच्या दोन बेअरिंगमधली दबणारी नळी) आणि क्राउनचे बोल्ट सगळे नवे घ्यावेत. बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी अशी पंचने खूण करूनच त्या काढा. हाउसिंगमध्ये बसवूनच त्यांचं बोअरिंग झालेलं असतं, त्यामुळे अदलाबदल चालत नाही. बाजूचे मूळ बिडाचे शिम (जागा जुळवायच्या चकत्या) हातोडीखाली तुटतात. त्यांच्या जागी स्टीलच्या शिमचा संच वापरा, आणि प्ले (क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक) जुळला की प्रीलोडसाठी, म्हणजे बेअरिंगवर आधीच दाब राहावा म्हणून, प्रत्येक बाजूला 4 थाऊ वाढवा. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.)

पिनियनची खोली ठरवताना जुन्या पिनियनखालच्या शिमपासून सुरुवात करावी. आतून थोडं घासून सैल केलेलं एक जादा बेअरिंग जवळ असेल तर दरवेळी प्रेस लावावा लागत नाही. दातांना रंग लावून ठसा बघायचा. ठसा दाताच्या माथ्याकडे असेल तर पिनियन उथळ आहे, शिम जाड करा. मुळाकडे असेल तर पिनियन खोल आहे, शिम पातळ करा. प्ले 6 ते 10 थाऊ. तो क्राउनवर चार ठिकाणी मोजा, कारण एकाच ठिकाणच्या मोजमापात वाकडेपणा लपून जातो. प्ले कमी केला की ठसा दाताच्या आतल्या टोकाकडे सरकतो. खोलीची चूक प्लेने झाकायचा प्रयत्न केला तर पुढे हायवेवर शिट्टी ऐकू येते, आणि ती तेल बदलून जात नाही.

सर्वांत जास्त चुका क्रश स्लीव्हवर होतात. स्लीव्ह दबायला सुरुवात व्हायलाच 200 फूट-पाउंडांच्या वर जोर लागतो. त्यानंतर मात्र नटाचा अष्टमांश फेराही बराच फरक पाडतो. नव्या बेअरिंगला फिरण्याचा रोध 20 ते 25 इंच-पाउंड हवा, आणि तो कॅरियर बाहेर असताना मोजायचा. त्यापलीकडे गेलात तर नट सैल करून ‘ठीक’ करू नका. स्लीव्ह फेकून द्या आणि नवी घाला. शिमवाला ठोस स्पेसर मिळतो. वेळ जास्त जातो, पण झटके देऊन निघणाऱ्या गाडीला तोच बरा. क्राउनचे बोल्ट लाल लॉकटाइट लावून, समोरासमोरच्या क्रमाने, 55 फूट-पाउंडला. टोप्यांचे 60 ला.

सी-क्लिप (एक्सल शाफ्ट आत धरून ठेवणारी) काढताना एक्सल शाफ्ट बाहेर येतोच, तेव्हा बेअरिंग जिथे चालतं ती जागा नखाने तपासा. इथे आतली रिंग नसते, रोलर थेट शाफ्टवर चालतात. खाच लागत असेल तर नवं बेअरिंग घालून उपयोग नाही, शाफ्टच बदला.

रनिंग-इन: पहिल्यांदा 15–20 मैल हलक्या पायाने चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि असं दोन-तीनदा करा. 500 मैलांपर्यंत जोराची सुरुवात नाही, ट्रेलर नाही. 80डब्ल्यू-90 जीएल-5 मिनरल तेल आणि पॉझिट्रॅक्शनसाठी 4 औंस फ्रिक्शन मॉडिफायर. मॉडिफायर विसरलात तर पार्किंगमध्ये वळताना मागून कुरकुर ऐकू येते. 500 मैलांना तेल बदललं तेव्हा त्यात करडी चमक होती, ती चालते. बोटाला टोचणारे कण सापडले तर झाकण पुन्हा उघडा.

स्पीडोमीटर तर लगेच खोटं बोलायला लागतो. 70 चे 79 दाखवतो, कारण तो प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजतो. गीअरबॉक्सच्या शेपटाकडची प्लॅस्टिकची चालित गीअर त्याच प्रमाणात जास्त दातांची घ्यावी लागते. 21 दातांची असेल तर हिशेब 23.7 वर येतो, म्हणजे 24. मग काटा सत्तरीला एक मैल कमी दाखवतो, इतकं चालतं. फोनच्या जीपीएसशी पडताळून घ्या.

सहाव्या महिन्यात पिनियन सीलपाशी तेलाचे थेंब दिसले. संशय आधी प्रीलोडवर गेला, पण एक्सलच्या नळीवरचा ब्रीदर मातीने बुजलेला निघाला. गरम हवेला वाट मिळाली नाही की ती सीलमधूनच तेल ढकलते. ब्रीदर मोकळा केला, सील तेच ठेवलं, आणि त्यानंतरच्या हजार मैलांत जमिनीवर डाग नाही.